विस्तवाचे सोवळे

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत डुकराच्या खांद्याचे मांस लाकडाच्या निखाऱ्यांवर दहा-बारा तास मंद आचेने शिजवून, हाताने त्याचे धागे सोडवून, आंबट रसात कालवून आणि मऊ पावात घालून खाण्याची जी रीत आहे, तिच्याभोवती गेल्या शंभरएक वर्षांत असे एक कडक धर्मशास्त्र उभे राहिले आहे की, त्यापुढे आपल्याकडील सोवळ्या-ओवळ्याचे जुने निर्बंधही थोडे सैलच वाटावेत. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पूर्व भागात सबंध डुक्कर भट्टीवर चढवितात आणि शिरका, मीठ व मिरची यांपलीकडे त्याला फारसा कशाचा स्पर्श होऊ देणे हा प्रमाद समजतात. त्याच राज्यात थोडे पश्चिमेला, लेक्सिंग्टन गावाच्या परिसरात, केवळ खांदाच घेतात आणि शिरक्यात किंचित टोमॅटो मिसळण्याची मुभा देतात, आणि एवढ्याशा लालीवरून या दोन प्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आला आहे. साउथ कॅरोलायनात, जेथे अठराव्या शतकात जर्मन वसाहतवाले येऊन राहिले, तेथे मोहरीच्या पिवळ्या सॉसचा शिरस्ता. टेनेसीतील मेम्फिस शहरात काकवी आणि टोमॅटो यांच्या गोडसर सॉसचा. परस्परांशी इतका बेबनाव असलेल्या या पंथांचे एका कलमावर मात्र एकमत आहे, ते असे की, ज्याला लाकडाचा धूर लागला नाही ते बार्बेक्यूच नव्हे, आणि जो गृहस्थ आपल्या घरच्या ओव्हनमध्ये किंवा विजेच्या भांड्यात खांदा शिजवून पाहुण्यांपुढे पुल्ड पोर्क म्हणून मांडतो तो, सौम्य शब्दांत सांगावयाचे तर, पाखंडी होय.

हा निवाडा मला मान्य नाही. ज्या गुणासाठी हा पदार्थ नावाजला गेला तो गुण मांसाच्या एका विशिष्ट भागाला विशिष्ट उष्णता पुरेसा काळ मिळण्यातून येतो, आणि ती उष्णता हिकरीच्या ओंडक्याने दिली, गॅसने दिली की विजेच्या तारेने दिली, याची चौकशी मांस करीत नाही. धूर हा या पदार्थाचा अलंकार आहे, मोठ्या मोलाचा अलंकार आहे, परंतु अलंकाराला देहाचा मान देता येत नाही. अर्थात घरच्या कृतीचा कैवार घेणाऱ्यांनी आपल्या पक्षातल्या फितुरांचा बंदोबस्त आधी केला पाहिजे. कारण मुंबईतल्या आणि पणजीतल्या काही उपाहारगृहांतून, आणि तेथून शिकून आलेल्या पुष्कळ घरांतून, या नावाखाली जे पुढे येते ते म्हणजे पाण्यात उकडून काढलेले मांस, त्यावर बाटलीतल्या गोडमिट्ट सॉसचा रबरबाट आणि त्यात धुराच्या अर्काचे चार थेंब, असे असते, आणि ते खाऊन एखाद्या कॅरोलायनावासीयाने घरगुती कृती मुळातच त्याज्य ठरविली तर त्याच्याशी भांडण्याची आपल्याला सोय राहत नाही.

डुकराच्या पुढच्या पायाचा वरचा भाग, जो अमेरिकेतले खाटीक ‘बोस्टन बट’ या नावाने विकतात, तो तेथील बाजारात स्वस्त असतो, आणि त्याचे कारण उघड आहे. जनावर आयुष्यभर त्या खांद्यावर भार तोलून चालत असते; त्यामुळे तेथले स्नायू परिश्रमाने कणखर झालेले असतात, त्यांच्यामधून पांढऱ्या चिवट पडद्यांचे जाळे गेलेले असते आणि चरबीही सर्वत्र विखुरलेली असते. पाठीचा नाजूक तुकडा ज्या आचेवर अर्ध्या-पाऊण तासात खाण्याजोगा होतो, त्याच आचेवर आणि तेवढ्याच वेळात खांदा शिजविला तर तो दातांना दाद देत नाही. अमेरिकेच्या कृषिखात्याने 2011 साली डुकराच्या सबंध तुकड्यांसाठी 63 अंश सेल्सियस आणि त्यानंतर तीन मिनिटांचा विसावा ही सुरक्षिततेची मर्यादा ठरवून दिली. त्या मर्यादेला पोचलेला खांदा निर्धोक असतो, पण खाण्यालायक नसतो. तेथून पुढे प्रकार आणखी बिघडतो, कारण स्नायूंचे तंतू आखडतात आणि आपल्यातले पाणी पिळून बाहेर टाकू लागतात, आणि 70 अंशांच्या सुमारास मांस जेवढे कोरडे व चिवट लागते तेवढे ते आधीही नसते आणि नंतरही राहत नाही. अधीर माणूस नेमका याच ठिकाणी सुरी खुपसून पाहतो, निराश होतो, आणि डुकराचे मांस आपल्याला जमत नाही असा कायमचा ग्रह करून घेतो.

पुढची हकीकत सबुरी असलेल्यांसाठी राखून ठेवलेली आहे. कोलॅजेन नावाचे जे प्रथिन त्या पांढऱ्या पडद्यांत भरलेले असते, ते 70 अंशांच्या पुढे ओलाव्यात वेगाने विरघळू लागते आणि त्याचे जिलेटिन होते. मांसाचा गाभा 90 ते 95 अंशांना पोचेतो हे रूपांतर इतके पुरे होते की, तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे काही उरत नाही, बोटाच्या दाबाने ते सुटे होतात, आणि निघून गेलेल्या पाण्याची उणीव हे जिलेटिन व वितळलेली चरबी मिळून भरून काढतात. नाजूक तुकड्यात कोलॅजेन थोडेच असल्यामुळे तो या तापमानाला नेला तर केवळ भुसा हाती येतो. म्हणजे ज्या दोषापायी खांद्याला बाजारात कमी भाव मिळाला, त्याच दोषावर या पदार्थाची सारी इमारत उभी आहे. आणि ज्यांना हे मांस वर्ज्य आहे त्यांनी बोकडाच्या खांद्यावर हाच न्याय लावून पाहण्यास कोणतीही हरकत नाही.

या प्रवासात एक चकवा आहे, आणि त्याने भल्याभल्यांची त्रेधा उडविली आहे. गाभ्याचे तापमान 65 ते 75 अंशांच्या दरम्यान कोठेतरी येऊन अडते आणि दोन-दोन, मोठ्या तुकड्याच्या बाबतीत कधी चार-चार तास जागचे हलत नाही. आच चालू असते, ओव्हनचा दिवा लागलेला असतो, पाहुण्यांची वेळ जवळ येत असते, आणि थर्मामीटरचा काटा हूं की चूं करीत नाही. पूर्वीचे लोक याचे खापर वितळणाऱ्या चरबीवर फोडीत. खरे कारण आपल्या घरातला पाण्याचा माठ उन्हाळ्यात रोज समजावून सांगत असतो: माठ जसा बाहेर पाझरलेल्या पाण्याच्या बाष्पीभवनाने आतले पाणी थंड ठेवतो, तसाच हा खांदा पृष्ठभागावर आलेल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने स्वतःला थंड ठेवीत असतो, आणि जेवढी उष्णता बाहेरून मिळते तेवढी तो त्या वाफेवाटे परत करतो. पृष्ठभाग पुरेसा सुकला की ही अडवणूक आपोआप मिटते. घाई असेल तर मधेच तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळतात, म्हणजे बाष्पीभवन थांबून काटा पुन्हा चढू लागतो. पण असे करताना वरची काळपट खरपूस साल थोडी मऊ पडते, हा तोटा पत्करावा लागतो. आच वाढविणे हा मात्र उपाय नव्हे, आणि वारंवार दार उघडून पाहणे हा तर शुद्ध उपद्रव होय.

घरी हे करावयाचे झाल्यास पहिली लढाई खाटकाच्या दुकानात लढावी लागते. वसईला काय किंवा म्हापशाला काय, आपल्याकडे मांस घ्यावयाचे म्हणजे त्याचे कालवणाजोगे तुकडे करून घ्यावयाचे अशी वहिवाट असल्यामुळे, खांदा तराजूतून उतरल्याबरोबर सुरा वर जातो, आणि “नको, दादा, सबंधच द्या, हाडासकट” असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो सद्‌गृहस्थ ज्या नजरेने पाहतो, ती नजर सोसण्याची तयारी ठेवावी. कातडे सोलून घ्यावे, वरची चरबी बोटाच्या पेराएवढी ठेवून बाकीची काढावी. अडीच किलोच्या तुकड्याला सुमारे 40 ग्रॅम मीठ आदल्या दिवशीच सर्व बाजूंनी चोळून तो शीतकपाटात उघडाच ठेवावा, म्हणजे रात्रभरात मीठ आत उतरते आणि वरचा भाग सुकतो. दुसऱ्या दिवशी त्याला जे कोरडे वाटण लावतात त्यात अमेरिकेत पॅप्रिका, ब्राऊन शुगर, मिरी, मोहरीची व लसणाची पूड असा ऐवज असतो; आपल्याकडे काश्मिरी मिरचीची पूड आणि किसलेला गूळ यांनी पहिल्या दोघांची जागा घेतली तर मी तरी तक्रार करणार नाही. गरम मसाला मात्र येथे आणू नये. आपला हात सवयीने त्या डब्याकडे जातो, हे मला ठाऊक आहे. पण लवंग-दालचिनीच्या गर्दीत खांद्याचा स्वतःचा स्वाद ऐकू येईनासा होतो.

ओव्हन 120 अंशांवर असावा, आणि ही संख्या ओव्हनच्या चकतीवर नव्हे तर आत ठेवलेल्या स्वतंत्र थर्मामीटरवर वाचावी, कारण आपल्याकडे मेजावर ठेवावयाचे जे छोटे ओव्हन मिळतात ते दाखवितात एक आणि देतात दुसरेच. तुकडा जाळीवर, जाळी परातीवर, आणि परातीत वाटीभर पाणी, म्हणजे गळणारा रस जळत नाही. किलोमागे तीन-साडेतीन तास असा ढोबळ हिशेब आहे, परंतु घड्याळावर हवाला ठेवून मांस बाहेर काढणारा बहुधा फसतो. खांद्याचे हाड चिमटीत धरून हलविले असता ते मांसाला न जुमानता फिरू लागले आणि थर्मामीटरची सुई कोठेही न अडखळता आत गेली, म्हणजे काम झाले. आपल्या देशात डुकराच्या मांसाबद्दल पट्टकृमीची जी रास्त धास्ती आहे, ती 90 अंशांपलीकडे गेलेल्या मांसाविषयी बाळगण्याचे कारण नाही. कच्चे मांस जिच्यावर ठेवले ती फळी, सुरी आणि स्वतःचे हात यांविषयी मात्र ती अवश्य बाळगावी.

यानंतर तासभर विसावा. फॉइलमध्ये आणि वरून जाड टॉवेलात गुंडाळलेला तुकडा तासाभरानंतरही हाताला चटका देण्याइतका ऊन असतो, पण त्यातला खळबळणारा रस आता स्थिरावून दाटलेला असतो. मग हाड ओढावे. ते कोरडे आणि स्वच्छ निघून येते. दोन काट्यांनी, किंवा हाताला सोसवेल तर बोटांनीच, मांसाचे धागे तंतूंच्या दिशेने सोडवावेत, फार बारीक करू नयेत, न वितळलेल्या चरबीच्या गाठी दिसतील तशा बाजूला काढाव्यात, आणि वरची काळी साल मात्र एक कणही वाया न घालविता बारीक चिरून सगळीकडे मिसळावी, कारण मिठाचा, तिखटाचा आणि भाजल्याचा सारा अर्क तेथे एकवटलेला असतो. परातीतल्या रसावरची चरबी काढून टाकून उरलेला रस परत मांसात घालावा. अडीच किलो कच्च्या मांसातून हाड, चरबी आणि वाफ वजा जाता सव्वा ते दीड किलोच हाती येते. पहिल्यांदा करणाऱ्याला ही घट बरीच लागते.

विजेच्या मंद भांड्याचा, म्हणजे स्लो कुकरचा, प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्याचा पूर्वेतिहास मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत रम्य भाग वाटतो. शिकागोच्या अर्विंग नॅक्सन नावाच्या ज्यू संशोधकाला 1940 साली या भांड्याच्या पेटंटची सनद मिळाली. त्याच्या आईने आपल्या लिथुएनियातील बालपणीची एक वहिवाट त्याला सांगितली होती: शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटविणे निषिद्ध, म्हणून चोलंट नावाच्या कालवणाचे भांडे शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी गावच्या बेकरीत नेऊन ठेवावयाचे, आणि बेकरीची भट्टी रात्रभर निवत जाई तसतसे तिच्या उरलेल्या उबेत ते शिजत राहावयाचे. 1970 साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला, आणि पुढच्याच वर्षी ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते भांडे बाजारात आले. कामावर जाण्यापूर्वी भरून ठेवावे आणि परतल्यावर वाढावे, ही सोय घरोघर पोचली, आणि ज्या समाजाच्या शास्त्राने डुक्कर सर्वथा निषिद्ध मानले त्याच समाजाच्या शब्बाथाच्या आचारातून जन्मलेले यंत्र आज अमेरिकेतल्या असंख्य स्वयंपाकघरांत डुकराचा खांदा शिजवीत बसलेले असते.

या भांड्यात मांस मऊ होते यात शंका नाही. त्याचा दोष झाकणात आहे: वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे पृष्ठभाग सुकत नाही, साल धरत नाही, आणि खांदा स्वतःच्याच पाण्यात उकडला जातो. प्रेशर कुकरचेही तेच. 120 अंशांच्या आसपासच्या वाफेत कोलॅजेनची कामगिरी तास-सव्वातासात उरकते, पण मांसाची चव पाण्यात उतरते आणि पोत एकसुरी होतो. तरीसुद्धा ही दोन्ही साधने मी वर्ज्य ठरवीत नाही, कारण तोडगा सोपा आहे. मांस भांड्यातून काढून त्याचे धागे सोडवावेत, खालचे पाणी चरबी काढून आटवून दाट करावे, ते मांसावर शिंपडावे, आणि मग ते पसरट ताटात घालून कडक तापलेल्या ओव्हनमध्ये वरचे टोक करपू लागेपर्यंत ठेवावे. ओव्हन नसेल तर बिडाच्या तव्यावर, न हलविता, एक बाजू कुरकुरीत होईतो. पुष्कळ पाककृतींत हा शेवटचा भाग गाळलेला असतो आणि त्याच्या जागी सॉसची अख्खी बाटली ओतावयास सांगितलेले असते. त्या बाटलीने लपते एवढेच की, खाली साल नाही.

लाकडाच्या कैवाऱ्यांना हे सारे तडजोडीचे राजकारण वाटेल. त्यांच्या परंपरेविषयी मला आदर आहे. मात्र परंपरेचे दस्तऐवज उलगडावयाचे तर सगळेच उलगडले पाहिजेत. स्पॅनिश सरदार द सोटो याने 1539 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आपल्या सैन्याबरोबर डुकरे उतरविली, आणि पुढे दक्षिणेच्या रानांत चरून वाढणारे हे जनावर तेथील गोरगरिबांचे मुख्य मांस ठरले. त्याची भट्टी खणणे, लाकूड जाळून निखारे करणे, रात्रभर जागून ते पसरणे, डुक्कर उलटणे, त्यावर शिरका फिरविणे, ही सारी मेहनत गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आली, आणि ही विद्या मुख्यतः त्यांच्याच हातांत वाढली. पुढे गुलामगिरी गेली, भट्ट्यांची दुकाने झाली, विद्या तीच राहिली, पंक्तिभेदही राहिला. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे ऑलीज बार्बेक्यू नावाचे एका कुटुंबाचे उपाहारगृह होते. 220 माणसे बसण्याची सोय, 36 नोकर, त्यांतले दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय. पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला तेथे बसून खाण्याची परवानगी नव्हती, बांधून घेऊन जाण्याचीच काय ती होती. 1964 च्या नागरी हक्कांच्या कायद्याने हा प्रकार बंद करण्याचे फर्मान काढले तेव्हा मालक न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षी 14 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्याविरुद्ध फैसला दिला. फैसल्याची मखलाशी वाचण्यासारखी आहे: दुकानाने आदल्या वर्षी खरेदी केलेल्या अन्नापैकी 46 टक्के रकमेचे मांस परराज्यातून आलेले होते, सबब हा आंतरराज्य व्यापाराचा मामला असून त्यावर कायदा करण्याचा संसदेला अधिकार आहे. माणसाला माणसाशेजारी बसविण्यासाठी मांसाच्या आवकीचा हिशेब दाखल करावा लागला, हे वाचून हसावे की खंत करावी हे मला अजून ठरविता आलेले नाही.

दुसरा मुकदमा साउथ कॅरोलायनातल्या पिगी पार्क या मोहरीच्या सॉसबद्दल प्रसिद्ध असलेल्या दुकानांचा. तेथील मालकाने गोऱ्यांबरोबर कृष्णवर्णीयांना वाढण्याची सक्ती आपल्या धर्मस्वातंत्र्याच्या आड येते असा बचाव केला; 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव पोरकट ठरविला आणि अशा दाव्यात जिंकणाऱ्या वादीला वकिलाचा खर्चही सामान्यतः मिळाला पाहिजे असा दंडक घालून दिला. ज्या महाराष्ट्रात सहभोजनांसाठी माणसांनी वाळीत पडणे पत्करले, तेथील वाचकाला या युक्तिवादाचा सूर अनोळखी वाटू नये. आजचा लाकूडवादी भट्टीवाला वर्णद्वेष्टा असतो असे मी मुळीच सुचवीत नाही; त्याच साउथ कॅरोलायनाच्या हेमिंग्वे गावात बापाच्या भट्टीवर घडलेल्या रॉडनी स्कॉट या कृष्णवर्णीय बल्लवाला 2018 साली जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, आणि तो लाकडाचे निखारे करूनच सबंध डुक्कर शिजवितो. म्हणणे एवढेच की, विस्तवाच्या शुद्धतेबद्दल डोळ्यांत तेल घालून जागणाऱ्या परंपरेला पंक्तीबद्दल इतकी वर्षे गाढ झोप लागली होती, आणि अशा परंपरेने घरच्या ओव्हनला पाखंडी म्हणावे हे फारसे शोभत नाही.

धुराचे ऋण मात्र प्रांजळपणे मान्य करावे. नॉर्थ कॅरोलायनात एडन नावाच्या लहानशा गावी 1947 पासून चालत आलेले स्कायलाइट इन नावाचे दुकान आहे, ज्याच्या छपरावर वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या घुमटाची प्रतिकृती मोठ्या डौलाने उभारलेली आहे. तेथे निखाऱ्यांवर रात्रभर शिजलेले सबंध डुक्कर मोठ्या सुऱ्यांनी, कुरकुरीत कातड्यासकट, ठोकून बारीक करतात आणि मक्याच्या पावाबरोबर देतात. त्या चवीत ओक लाकडाचा धूर, निखाऱ्यांवर गळून जळलेल्या चरबीची वाफ आणि कातड्याचा कुरकुरीतपणा असे जे एकत्र येते ते घरी होत नाही, आणि होते असे सांगणारा खोटे बोलतो. जे होत नाही त्याची नक्कल बाटलीतल्या अर्काने करू नये. आपल्याकडे लालभडक कोळशावर तूप सोडून धुरी देण्याची जी युक्ती आहे ती काही हौशी मंडळी येथेही लावतात. पण तुपाच्या खमंग वासाचे आणि या मांसाचे सूत जमत नाही. अगदीच राहवत नसेल तर कोळशावर त्याच खांद्याच्या चरबीचे दोन थेंब सोडावेत आणि पाच मिनिटांत झाकण काढावे. नॉर्थ कॅरोलायनातच रॅलेच्या शेजारी केरी येथे राहणारे माझे एक स्नेही याहून सरळ मार्गाने जातात. डुकराच्या मांसाशी त्यांच्या घराण्याचा सात पिढ्यांत संबंध नव्हता आणि त्यांच्या गृहसंकुलात गच्चीवर कोळसा पेटविण्यास मनाई आहे; ते ओव्हनमध्ये खांदा करतात आणि धुराची हुक्की आली की गाडी काढून एडनला जाऊन येतात.

आंबटपणाच्या बाबतीत मात्र मी कोणतीही सवलत देण्यास तयार नाही, आणि येथे पूर्व कॅरोलायनाचा पंथ मला निर्विवाद श्रेष्ठ वाटतो. इतक्या स्निग्ध मांसाला आवर घालावयास शिरकाच पाहिजे. साखर त्याच्या जडपणात भरच घालते. सफरचंदाचा शिरका एक पेला, चमचाभर मीठ, दोन चमचे जाडसर कुटलेली सुकी मिरची, चमचाभर मिरी आणि कडवटपणा मोडण्यापुरता गूळ, हे बाटलीत घालून आदल्या दिवशी हलवून ठेवावे. शिजवावयाचे काही नाही. आपल्या किनारपट्टीला ही युती शिकविण्याची गरज नाही. पोर्तुगिजांनी शिरका आणि लसूण यांत मांस मुरविण्याची रीत गोव्यात आणली, गोव्याने त्यांच्या द्राक्षाच्या शिरक्याऐवजी माडीचा शिरका घातला, आणि विंदालू, सोरपोतेल, चोरिस-पाव असा डुकराचा जो सारा संसार तेथे थाटला गेला तो त्या आंबटावरच; वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन लग्नघरांत फुग्यांबरोबर वाढले जाणारे सोरपोतेलही त्याच गोत्राचे. म्हणून गोव्यात किंवा वसईत हा खांदा करणाऱ्याने आयात केलेल्या सफरचंदाच्या शिरक्यासाठी वणवण न करता घरातल्या माडीच्या शिरक्याची बाटली उघडावी. तो किंचित सौम्य आणि अधिक गंधवान असतो, आणि माझ्या जिभेला तो या मांसाशी कॅरोलायनापेक्षाही बरा जुळलेला वाटतो, हे तेथील कोणाला मात्र सांगावयाचे नाही.

उरला पाव. ताजा लादी पाव या कामाला उत्तम आहे, कारण त्याला स्वतःची अशी फारशी चव नसते आणि तो रस पितो. आतल्या बाजू मांसाच्याच चरबीवर तव्यावर लालसर शेकून घ्याव्यात, नाहीतर तो दोन घासांत गळून पडतो. मांसावर कच्च्या कोबीचा बारीक चिरलेला कीस, तोही शिरका-मीठ-साखरेत तासभर ठेवून पिळलेला. अंड्याच्या पांढऱ्या सॉसात माखलेला कोबी काही लोकांना आवडतो, पण आधीच तुपट असलेल्या मांसावर आणखी तुपट काही घालण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. अडीच किलोच्या खांद्यात दहा-बारा जणांचे भागते, आणि उरलेच तर रसासकट डब्यात भरून शीतकपाटात तीन-चार दिवस चांगले राहते. दुसऱ्या दिवशी ते थोडे पाणी आणि चमचाभर शिरका घालून झाकून ऊन करावे. पाव भरण्याचे काम ज्याचे त्यालाच करू द्यावे. गोड सॉसची बाटली मागणारा एखादा पाहुणा प्रत्येक पंक्तीत असतोच. त्याला ती द्यावी, पण मागितल्यावर स्वयंपाकघरातून आणून द्यावी, आधीपासून मेजावर मांडून ठेवू नये.